छातीतल्या चिपचा डेटा दवाखान्यात पोचत नाही: घरी काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

चिप म्हणजे छातीत कातडीखाली बसवलेला, हृदयाच्या ठोक्यांची नोंद ठेवणारा लूप रेकॉर्डर. डबा म्हणजे तिच्यातला डेटा उचलून दवाखान्याला धाडणारा पलंगाशेजारचा मॉनिटर. आधी लक्षणं सांगतो.

- दवाखान्यातून फोन येतो, "तुमच्या पेशंटचा डेटा बारा दिवस झाले आलेला नाही."
- पलंगाशेजारच्या डब्यावरचा नेहमीचा दिवा गेलाय, त्याचा रंग बदललाय किंवा पडद्यावर कसलासा आकडा येऊन बसलाय.
- फोनमधलं अ‍ॅप "कनेक्ट नाही" म्हणतं किंवा शेवटची तारीख गेल्या महिन्यातली दाखवतं.
- चक्कर आली की दाबायचं हातातलं बटण दाबलं, तरी ते दिवा लावून किंवा आवाज करून उत्तर देत नाही.
- सगळं सुरू करून दिलं की आठ-पंधरा दिवस नीट चालतं आणि पुन्हा बंद पडतं.

या शेवटच्या लक्षणानंच मला सगळ्यात जास्त दमवलं. विट्यात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. सव्वादोन वर्षांपूर्वी आईच्या छातीत लूप रेकॉर्डर बसवला. घरात त्याला सगळे चिपच म्हणतात आणि पलंगाशेजारच्या मॉनिटरला डबा. ठाण्याच्या मावशीला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, पण कारण सापडेना, म्हणून तिलाही चिप बसवली. तिची चिप डब्याऐवजी फोनमधल्या अ‍ॅपशी बोलते. दोघींचं मिळून हे कनेक्शन मी आजवर एकोणीस वेळा दुरुस्त केलंय, दुकानातल्या वहीत तारखांसकट लिहिलेलं आहे. त्यात चिप एकदाही बिघडलेली नव्हती. डबा एकदाच, तोही त्याच्या अडॅप्टरमुळे. बाकी सगळं बोर्डाचं बटण, खाट, भिंत, रिचार्ज आणि फोनची सेटिंग. म्हणून खाली स्वस्तात स्वस्त आणि सोप्यात सोप्या गोष्टीपासून सुरुवात केली आहे. क्रम मोडू नका.

डब्याला हात लावण्याआधी माणूस बघा

गेल्या वैशाखात आई दुपारी देवघरापाशी उठताना कोसळली. मिनिटभरात शुद्धीवर आली. मी दुकानातून धावत घरी आलो, तर डब्याचा दिवा बंद. आणि मी काय केलं, तर आईला भिंतीला टेकवून बसवलं आणि वीस मिनिटं डब्याशी झटापट केली. डेटा गेला तर डॉक्टरांना कळेल, एवढंच डोक्यात होतं. आई पांढरीफटक होऊन माझ्याकडे बघत होती. सांगलीला पोचल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "पडल्यावर बीपी किती होतं? साखर तपासली?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती वीस मिनिटं मला अजून बोचतात.

त्यामुळे पहिला नियम असा: पेशंटला आत्ता त्रास होत असेल तर ही पोस्ट बाजूला ठेवा. बेशुद्ध पडणं, छातीत दाब किंवा कळ, गार घाम, धाप, ठोके थांबता थांबत नाहीत असं वाटणं, यातलं काहीही असलं तर १०८ ला फोन करा किंवा जवळचा दवाखाना गाठा. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, जीभ जड झाली, तर घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा आणि लगेच निघा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे "त्रास कधी सुरू झाला" हा प्रश्न तिथे सगळ्यात आधी विचारतात.

दोन गैरसमज इथेच काढून टाका. ही चिप ठोक्यांची लय लिहून ठेवते, पण हार्ट अटॅक ओळखायचं ते यंत्र नाही. डबा गप्प आहे म्हणून छातीतली कळ साधीच असेल असं धरू नका. दुसरं, रात्री डेटा गेला म्हणजे तिकडे कुणीतरी पडद्यासमोर बसून आईचे ठोके बघतंय असं नसतं. दवाखान्यातला माणूस कामाच्या वेळेत, त्यांच्या ठरलेल्या पद्धतीनं डेटा उघडतो. रविवारी रात्री चक्कर आली आणि डब्यानं ती इमानदारीनं पाठवली, तरी ती सोमवारी किंवा त्यानंतरच बघितली जाण्याची शक्यता जास्त. मदत बोलवायचं काम घरच्या माणसाचंच आहे.

पेशंट ठीक असेल, खातपीत असेल, बोलत असेल, तर आता घाई करायचं कारण नाही. पुढे वाचा.

चिप नेमकं काय करते

हे कळलं की पुढच्या प्रत्येक तपासणीचं कारण आपोआप कळतं. छातीच्या डाव्या बाजूला, बरगड्यांच्या वर, कातडीखाली ही पट्टी सरकवतात. हृदयात कुठलीही तार जात नाही. २०१४ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या रिव्हील लिंक या चिपची मापं सांगतो: लांबी ४४.८ मिलिमीटर, रुंदी ७.२, जाडी ४ आणि वजन अडीच ग्रॅम. नेहमीच्या पेन ड्राइव्हपेक्षाही हलकी. हा पेसमेकर नाही. ठोका चुकला तर ती तो सुधारत नाही, चुकलेला ठोका फक्त टिपून ठेवते.

ती अखंड लिहीत असते आणि जुनं पुसत असते. ठोके ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे गेले, मध्येच थांबले किंवा तुम्ही बटण दाबलं, तरच तो तुकडा जपून ठेवते. वर सांगितलेल्या चिपमध्ये असे सगळे तुकडे मिळून ५९ मिनिटांचा आलेख मावतो. जागा भरली की नवा तुकडा जुन्याच्या जागी बसतो. डब्याचं काम एवढंच, की रात्री पेशंट झोपला असताना चिपमधले तुकडे उचलायचे आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून दवाखान्याकडे धाडायचे.

म्हणजे डबा बंद पडला तरी चिप लिहीतच असते. दोन रात्री डेटा गेला नाही तर बहुतेक वेळा काहीच हरवत नाही. महिनाभर गेला नाही आणि मध्ये खूप नोंदी झाल्या, तर मात्र जुन्या पुसल्या जाऊ शकतात. तुमच्या हातात काही दिवस आहेत, पण महिने नाहीत.

१. बोर्डाचं बटण आणि पिन

खर्च शून्य. वहीतल्या सगळ्यात जास्त नोंदी याच्याच.

डब्याची पिन कुठल्या बोर्डात आहे ते बघा. पंखा, बल्ब आणि डबा एकाच एक्स्टेंशनवर असतील तर कुणीतरी रात्री ते बटण बंद करणारच. आमच्याकडे आई स्वतःच करायची. दिव्याचा उजेड डोळ्यावर येतो म्हणून ती झोपताना बोर्डाचं बटण खाली करायची आणि पहाटे चारला उठली की वर. मी दिवसा बघायला जायचो तेव्हा डबा चालू. सहा आठवडे मला उलगडा झाला नाही, कारण डबा बंद असायचा तो नेमका त्याच्या कामाच्या वेळेला. हे डबे साधारण मध्यरात्रीनंतर, घर झोपलेलं असताना चिपशी बोलतात.

शेवटी भिंतीवर डब्यासाठी वेगळा सॉकेट काढून घेतला. बटणावर बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला आणि आईला सांगितलं, "लाल ठिपक्याला हात लावायचा नाही." दिव्यासमोर पुठ्ठ्याचा तुकडा उभा केला. नुसता "बंद करू नकोस" म्हणून उपयोग नव्हता. उजेडाचा त्रास तिला खरोखर होत होता, तो मिटल्यावर हात आपोआप थांबला.

पिन ढिली असेल तर सॉकेट बदला. लोडशेडिंग असेल तर लाईट आल्यावर डबा आपोआप सुरू होतो का ते एकदा उभं राहून बघा. आमचा होतो, पण पाच-सात मिनिटं घेतो. घरी इन्व्हर्टर असेल तर डब्याचा सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. डबा अगदी थोडी वीज खातो.

अडॅप्टरबद्दल माझ्या धंद्यातली एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पिन बसते म्हणून दुसरा चार्जर लावू नका. व्होल्ट वेगळे असले तर डबा जळतो. आमच्याकडे वळवाच्या पावसात वीज कडाडली, लाईट जाऊन आली आणि अडॅप्टर गेला. मल्टिमीटर लावला तर आकडा शून्य. माझ्या दुकानात तसे दहा अडॅप्टर पडलेले होते, तरी मी एकही लावला नाही. दवाखान्याला कळवलं आणि त्यांच्याकडून दुसरा आला.

२. खाट आणि डबा यांतलं अंतर

आमच्या डब्याच्या पुस्तिकेत दोन मीटर लिहिलंय, म्हणजे साडेसहा फूट. आईला मी "चार हात" सांगितलं, ते तिच्या लगेच ध्यानात बसलं. तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघून घ्या.

पेशंट कुठे झोपतो हे तुम्हाला माहीत आहे असं समजू नका, त्याला विचारा. उन्हाळ्यात आई अंगणात खाट टाकते. थंडीत ती आतल्या खोलीत नातवंडांजवळ जाते. डबा मात्र बसवणाऱ्यानं ठेवला तिथेच, मधल्या खोलीत. एप्रिलमध्ये डेटा थांबला की मी आता थेट विचारतो, "आई, खाट बाहेर काढलीस का?"

डबा लोखंडी कपाटात, कपाटाच्या मागे किंवा पत्र्याच्या पेटीवर ठेवू नका. चिपची लहर अगदी क्षीण असते. कातडीतून बाहेर येऊन तिला हवेतून डब्यापर्यंत जायचं असतं, मध्ये लोखंड आलं की ती तिथेच अडते. पेशंट भिंतीकडे तोंड करून झोपला आणि एखादी रात्र हुकली तर काळजी नको, डबा पुन्हा प्रयत्न करतो. सलग चार-पाच रात्री हुकल्या तर जागा बदला.

गावाला जाताना काय करायचं? आई दरवर्षी आषाढीला तीन दिवस पंढरपूरला जाते. डबा नेत नाही, आदल्या दिवशी दवाखान्याला मेसेज टाकतो. चिप तिच्याबरोबरच असते, परत आल्यावर पहिल्याच रात्री सगळं निघून जातं. लेकीकडे महिनाभर राहायला गेली तर डबा, अडॅप्टर आणि चिपचं कार्ड पिशवीत जातं.

३. रेंज

डब्यात कंपनीनं घातलेलं सिम असतं. त्यालाही तुमच्या फोनसारखीच रेंज लागते. दगडी भिंतीच्या आतल्या खोलीत फोन लागत नसेल तर डब्यालाही लागणार नाही.

इथे एक ओढाताण होते. डबा खाटेजवळ पाहिजे आणि रेंज असते खिडकीत. उपाय एकच, डब्यापाठोपाठ खाटही खिडकीकडे न्या. आईची खाट आम्ही दक्षिणेच्या खिडकीखाली नेली. ती आठ दिवस कुरकुरली, मग सकाळचं ऊन तिला आवडायला लागलं.

जागा बदलल्यावर डबा बंद करून दोन-तीन मिनिटांनी पुन्हा लावा आणि एक रात्र पूर्ण जाऊ द्या. लोक पाच मिनिटांत निकाल मागतात आणि दिवसभर डबा घरभर फिरवत बसतात. मग कुठल्या जागेनं फरक पडला ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करा आणि तो लिहून ठेवा.

४. फोनवाली चिप असेल तर

इथे माझा अनुभव दुकानातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला संशय रिचार्जचा. मावशीचं अ‍ॅप साधारण महिन्या-महिन्यानं बंद पडायचं. दोन-तीन दिवसांनी कुणीतरी बघायचं, मग चालू. तारखा वहीत एकाखाली एक लिहिल्यावर दिसलं, दोन बंदमधलं अंतर अठ्ठावीस ते तीस दिवस. प्रीपेडचा प्लॅन अठ्ठावीस दिवसांचा. मावशीला फोनवर फक्त बोलायचं असतं, आणि येणारे फोन काही दिवस येतच राहतात, त्यामुळे नेट बंद झालेलं तिला कळायचंच नाही. आता तिच्या मुलानं तिच्या नंबरला वर्षाचा रिचार्ज मारलाय. घरात वायफाय असेल तर तेही जोडून ठेवा.

दुसरं, ब्लूटूथ. नातवंडं गेम खेळताना बंद करतात, किंवा कुणीतरी रात्री फोन विमान मोडवर टाकतं. फोनचा पडदा वरून खाली ओढून ब्लूटूथचं चिन्ह पेटलेलं आहे का, हे बघायला मावशीला शिकवलंय. रात्री फोन चार्जिंगला उशापासून चार-पाच फुटांत ठेवा. हॉलमधल्या टीव्हीशेजारी नको.

तिसरं, फोनची बॅटरी वाचवणारी सोय. बहुतेक अँड्रॉइड फोन मागे चालणारी अ‍ॅप झोपवतात, काही कंपन्यांचे फोन तर फारच आक्रमकपणे. चिपच्या अ‍ॅपला रात्री दोन वाजता जागं असावं लागतं, आणि फोनला वाटतं हे उगीच बॅटरी खातंय. सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपची बॅटरी "अनरिस्ट्रिक्टेड" करा. तुमच्या फोनमध्ये "ऑटोस्टार्ट" असेल तर ते चालू करा. आणि फोन हलका करायचा म्हणून सगळी अ‍ॅप एकदम पुसून टाकायची सवय मोडा. मावशीला तिच्या शेजारणीनं ती शिकवली होती. रोज रात्री झोपण्याआधी ती मनोभावे सगळं "साफ" करायची.

चौथं कारण शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. अँड्रॉइड ११ पासून फोन एक काम गुपचूप करतो: काही महिने एखादं अ‍ॅप कुणी उघडलंच नाही, तर त्याला दिलेल्या परवानग्या काढून घेतो. चिपचं अ‍ॅप कोण उघडणार? सगळं नीट चालतंय तोवर कुणीच उघडत नाही. म्हणून ते नीट चालत असतानाच एक दिवस बंद पडतं. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन "वापरात नसेल तर थांबवा" अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. त्याच पानावर परवानग्या बघा. अँड्रॉइड १२ पासून "जवळची उपकरणं" ही परवानगी लागते, त्याआधीच्या फोनमध्ये ब्लूटूथनं शोधायला लोकेशन चालू असावं लागतं. दर रविवारी सकाळी अ‍ॅप उघडून शेवटची तारीख बघायची, असं मावशीनं दिनदर्शिकेवर लिहून ठेवलंय.

पाचवं, फोनचं सॉफ्टवेअर अपडेट. नवी आवृत्ती आली की चिपचं अ‍ॅप तिच्यावर चालतं का, हे आधी हेल्पलाइनला विचारा. फोन आपणहून अपडेट होत असेल तर ते बंद ठेवा. फोन बदलतानाही जुना विकण्याआधी विचारा.

तीन गोष्टी मात्र दवाखान्याला किंवा कंपनीच्या हेल्पलाइनला विचारल्याशिवाय करू नका: अ‍ॅप काढून पुन्हा टाकणं, ब्लूटूथच्या यादीतून चिप "विसरा" करणं आणि फोन फॅक्टरी रिसेट करणं. मोबाईलवाल्याचा हात आधी याच तीन गोष्टींकडे जातो, माझाही जात होता. चिप फोनला एकदा जोडलेली असते. ती जोडणी तुटली की काही मॉडेलना पुन्हा जोडण्यासाठी दवाखान्यात जावं लागतं.

आणखी एक, कनेक्शनशी संबंध नसलेलं पण जवळचंच. मावशी फोन ब्लाउजमध्ये खोचते, नेमका चिपच्या वर. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सांगितलं की चुंबक असलेले फोन आणि घड्याळं शरीरात बसवलेल्या वैद्यकीय उपकरणांपासून सहा इंच लांब ठेवा. मुख्य काळजी पेसमेकर आणि शॉक देणाऱ्या यंत्रांची आहे, तरी सवय चांगली. तिला गळ्यात अडकवायची लांब दोरीची पिशवी शिवून दिली, फोन आता कमरेपाशी असतो.

५. हातातलं बटण

सगळ्यांकडे नसतं, फोनवाल्यांचं बटण अ‍ॅपमध्येच असतं. दाबलं की चिप त्याआधीच्या काही मिनिटांचा आलेख जपून ठेवते. म्हणून चक्कर येऊन गेल्यावर दाबलं तरी चालतं, पण तासाभरानं नाही. बेशुद्ध पडलेला माणूस स्वतः दाबू शकत नाही, घरातल्या दुसऱ्या माणसाला ते जमलं पाहिजे. आमच्या घरी ते बटण देवघराच्या खिळ्याला टांगलेलं असतं आणि सातवीतल्या पुतणीलाही दाबता येतं.

उत्तर आलं नाही तर आधी सेल बदला. तरीही नाही आलं तर चिपच्या अगदी जवळ, पुस्तिकेत दाखवलंय तसं धरून पुन्हा दाबा. दाबल्यावर वहीत वेळ आणि त्या क्षणी पेशंट काय करत होता ते लिहा. वैशाखातल्या त्या दुपारी आईच्या जावेनं बटण दाबलं होतं. दुसऱ्या दिवशी डब्याचा हातात धरायचा भाग छातीवर ठेवून आम्ही डेटा स्वतःहून पाठवला. आलेख आला तो साफ होता, पडण्याच्या वेळी ठोके एकदम नियमित. मला वाटलं, चिपला काही सापडलंच नाही. डॉक्टर म्हणाले, "हेच सापडलं. पडल्या तेव्हा लय ठीक होती, म्हणजे कारण दुसरीकडे शोधायचं." उभं राहिल्यावर तिचं बीपी घसरत होतं. त्यांनी बीपीची गोळी बदलली. बटण दाबलं नसतं तर ही गोष्ट कळायला आणखी किती महिने गेले असते कोण जाणे.

मावशीचं उलट आहे. तिच्या चिपला शोधायचंय ते एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कटलेली लय. ती येते आणि जाते, पुष्कळदा माणसाला कळतही नाही, पण तिच्यातून गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रिस्टल-एएफ या चाचणीत कारण न सापडलेल्या अर्धांगवायूचे ४४१ पेशंट होते. बारा महिन्यांत चिपवाल्यांपैकी १२.४ टक्क्यांमध्ये ही लय सापडली, नेहमीच्या तपासण्या केलेल्यांमध्ये २ टक्क्यांत. तीन वर्षांनी तेच आकडे ३० आणि ३. म्हणजे ही लय उशिरा सापडते, वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्यात मध्ये मोठा खंड पडू द्यायचा नाही. रिचार्जचे ते दोन-तीन दिवस मला एवढे का लागतात, ते यावरून समजेल. एक मात्र नक्की: अ‍ॅपमध्ये काही दिसलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी स्वतः सुरू करायची नाही आणि काही दिसलं नाही म्हणून चालू असलेली थांबवायची नाही.

इथे थांबा

वरचं सगळं करून तीन रात्री गेल्या आणि तरी डेटा नाही, तर तुमचं काम संपलं. डबा उघडू नका. मला उघडता येतो, तरी मी उघडलेला नाही. कंपनीची हेल्पलाइन पुस्तिकेवर किंवा डब्याच्या पाठीवर असते, आणि चिप बसवलेल्या दवाखान्याच्या डिव्हाइस क्लिनिकचा नंबर डिस्चार्ज कार्डावर. फोन करण्याआधी हे एका कागदावर लिहून घ्या, मी असंच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो:

"चिप बसवल्याची तारीख. कार्डावरचा मॉडेल आणि सिरीयल नंबर. डब्याचा सिरीयल नंबर किंवा फोनचं मॉडेल. शेवटचा डेटा गेल्याची तारीख. दिव्याचा किंवा पडद्यावरच्या आकड्याचा फोटो. काय काय करून पाहिलं. पेशंटला त्रास आहे की नाही, असल्यास तारीख आणि वेळ."

एवढं असलं की पलीकडचा माणूस तुम्हाला पुन्हा "बंद करून चालू करा"पासून सुरुवात करायला लावत नाही.

पुढच्या गोष्टी हेल्पलाइनच्या नाहीत, डॉक्टरांच्याच आहेत, त्यात एक दिवसही घालवू नका: टाक्याच्या जागी लाली, सूज, गरमपणा, पू किंवा पाणी येणं, ताप. कातडी पातळ होऊन चिप दिसायला लागणं. चिप जागेवरून सरकल्यासारखी वाटणं. वरून मलम चोळून बघू नका, शेकही देऊ नका. एमआरआय सांगितला असेल तर चिपचं कार्ड दाखवा आणि आदल्या दिवशी डेटा पाठवून ठेवा, कारण त्या चुंबकामुळे चिपमध्ये खोट्या नोंदी होऊन खऱ्यांची जागा जाऊ शकते. मिक्सर, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांना उगीच दोष देऊ नका. एकोणीस नोंदींत यातलं एकही नाही.

शेवटचं कारण चिपच्या सेलचं. मॉडेलनुसार तो दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत चालतो, आणि संपला की डेटा थांबतो. आईच्या चिपला कंपनीनं तीन वर्षं सांगितलीत, म्हणजे पुढच्या दिवाळीनंतर कधीही. तेव्हा डबा गप्प झाला तर मी लाल ठिपक्यापासून सुरुवात करणार नाही, आधी क्लिनिकला फोन करून बसवल्याची तारीख सांगणार. ती तारीख मी डब्याच्या पाठीवर मार्करनं लिहून ठेवली आहे.